आभाळाला दाखवलेलं ताट

ड्रोनची घरघर ऐकू आली की आमच्या एल गुआबो वाडीतल्या बाया पोरांना बखोटीला धरून आत ओढतात. कुत्रीसुद्धा खाटेखाली घुसतात. मी तेवढी बाहेर यायचे. हातातलं काम टाकून, ओले हात झग्याला पुसत, केस सारखे करत अंगणाच्या मधोमध उभी राहायचे आणि वर बघून हात हलवायचे. माझा नवरा प्लीनिओ आतून ओरडायचा, "अगं एर्मे, डोक्यावर बॉम्ब पडेल, आत ये!" मी म्हणायचे, "पडला तर माझ्या डोक्यावर पडेल. तू तुझं डोकं सांभाळ."

मला वाटायचं, वर माझी पोर आहे.

म्हणजे पोर काही वर तरंगत नाही, एवढी अक्कल मला आहे. ती कुठल्यातरी दगडावर बसलेली असणार, हातात रिमोट घेऊन. पण तिची नजर तर वर होती ना? ती नजर माझ्या छपरावरून जाणार आणि मी चुलीपुढे पाठ करून बसू? माझ्याने नाही व्हायचं ते.

यीसेल आमची एकुलती एक. तिच्या आधीची दोन राहिली नाहीत. ही जन्मली तेव्हा तिची नाळ मी आमच्या तीन दगडांच्या चुलीपाशी पुरली, आमच्यात पुरतात तशी. म्हणजे पोर कुठेही गेली तरी घराकडे ओढली जाते. प्लीनिओला मी शंभरदा म्हटलं असेल, नाळ इथे आहे, जाईल कुठे? आणि गेली. याच चुलीपासून उठून गेली.

माझ्या लहानपणी डोंगरातले बंदूकवाले पोरं न्यायला यायचे ते चालत यायचे. बूट वाजायचे, कुत्री भुंकायची, दार ठोठावलं जायचं. दारात आडवं तरी पडता यायचं. माझी आई माझ्या भावासाठी अशीच उंबऱ्यात आडवी पडली होती आणि शेवटी ते कंटाळून निघून गेले. आता मेले दारात येतच नाहीत. फोनमधून येतात. नखं रंगवलेल्या पोरी, खांद्याला बंदूक, मागे गाणं, नवी कोरी मोटरसायकल आणि खाली अक्षरं, ये, इथे तुला कोणी कमी लेखणार नाही. माझी पोर माझ्या शेजारी बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होती आणि एका हाताने ते बघत होती. मी बाजूलाच. ती माझ्या देखत घरातून निघून चालली होती आणि मला पत्ता नाही. मी आडवी कुठे पडणार होते? फोनवर?

कॉफीच्या तोडणीच्या दिवसांत ती गेली. सकाळी कमरेला टोपली बांधून मळ्यात गेली, दुपारी टोपली झाडाखाली सापडली. अर्धी भरलेली, वर केळीचं पान झाकलेलं, उन्हाने फळं सुकू नयेत म्हणून. एवढी शहाणी पोर. कॉफीची काळजी केली. माझी केली असती तर काय बिघडलं असतं?

बातमी आणली ओतिलियाने. ओतिलिया दागुआ, यीसेलची धर्ममाता, माझी लहानपणापासूनची मैत्रीण आणि आमच्या राखणीची पुढारीण. आम्हा आदिवासींची स्वतःची राखण असते. बंदूक नाही, काही नाही. हिरव्या-लाल फिती बांधलेली काठी, बस्स. ज्याने आमचं पोर नेलं, मग तो सरकारचा असो की डोंगरातला, त्याच्या दारात आमच्या काठ्या जाऊन उभ्या राहतात आणि नाव घेऊन पोर मागतात. दिल्याशिवाय हलायचं नाही. कधी देतात. कधी गोळ्या घालतात.

"तिला बंदूक दिलेली नाही," ओतिलिया म्हणाली. "ड्रोन दिलाय हातात. बोटं चपळ आहेत म्हणे तिची. खाली स्फोटकं बांधतात आणि सैन्याच्या चौकीवर सोडतात."

त्या बोटांनी ती विणायला शिकली होती. पण खोटं कशाला बोलू, त्याच वेळी मनात आलं, ड्रोन आहे म्हणजे ती आपल्याला बघू शकेल.

"चल मग. काठ्या काढ, मागायला जाऊ," मी म्हटलं.

"कुठे जाऊ? पूर्वी त्यांचा तळ कुठे आहे ते मेंढरं राखणाऱ्यालाही ठाऊक असायचं. आता वरून सैन्य बघतं, म्हणून ते आज इथे तर उद्या तिथे. दारच नाही तर उभं कुठे राहायचं, सांग बघू."

तेव्हापासून मी अंगणात जायला लागले. घरघर आली की पळत सुटायचे. पहिल्यांदा नुसता हात हलवला. मग ताट दाखवायला लागले, बघ, आज मोते केलीय, तुझ्या आवडीची, मका राखेच्या पाण्यात उकडून नीट सोललाय. डुकराची पिल्लं झाली तर एकेक उचलून दाखवलं. प्लीनिओचा नवा सदरा दाखवला, तो तर लाजेने काळाठिक्कर पडला. तिचा चुंबे काढला, म्हणजे तान्हेपणी तिला गुंडाळायचा तो लांब विणलेला पट्टा. मीच विणलेला, लाल-हिरव्या शंकरपाळ्यांचा. तो कॉफी वाळवायच्या जागेवर लांबच्या लांब पसरला. वरून ओळखेल की नाही? ओळखेलच.

ओतिलिया म्हणायची, "बये, लोक म्हणतात एर्मेलिंदाला वेड लागलं. आभाळाला जेवायला वाढते."

"म्हणू दे. त्यांची पोरं घरी आहेत. त्यांना बोलायला काय जातं?"

आणि मग एक दिवस आभाळ उत्तरलं. मी ताट वर धरलं होतं आणि तो ड्रोन खाली आला, पेरूच्या झाडाइतका खाली, आणि डावीकडे-उजवीकडे झुलला. मान डोलावतात तसा. माझ्या हातातलं ताट पडलं. मी खाली बसले आणि रडरड रडले. प्लीनिओ धावत आला, त्याला वाटलं मला काही लागलं. मी म्हटलं, "अरे, तिने मान डोलावली!" त्याने पडलेलं ताट उचललं आणि मला आत नेलं. पण पुढच्या वेळी तोही बाहेर आला, दारात उभा राहिला, टोपी काढून हातात धरून.

त्यानंतर तो दर वेळी झुलायचा. मी बोलायचे, तो झुलायचा. ऊन असलं की दिवसातून दोनदा यायचा. पाऊस असला की येत नसे, आणि मला घास जात नसे.

शेवटी वाट मीच काढली. ओतिलियाला म्हटलं, "अगं, ती यंत्रं लांब जात नाहीत. बॅटरी संपते. आमच्या अंगणातून तो नेहमी सुरूच्या रानावरून त्या सरळ कड्याकडे जातो आणि पलीकडे उतरतो. मी रोज बघते. तिथेच असणार पोर."

ओतिलियाने बराच वेळ कोकाची पानं चघळली. मग म्हणाली, "उद्या निघू. पण तू बडबड करायची नाहीस."

"मी कशाला बडबड करीन?" मी म्हटलं.

सकाळी चाळीसेक जण निघालो. पुढे बासरी आणि ढोल, कारण आमची राखण चोरपावलांनी जात नाही, आम्ही येतोय हे समोरच्याला ऐकू गेलं पाहिजे. प्लीनिओचा गुडघा धरतो, तो घरी राहिला. माझ्या पाठीवर मोतेचं भांडं, फडक्यात गच्च बांधलेलं. सुरूच्या रानात शिरलो तोच डोक्यावरून घरघर गेली. मी ओरडले, "बघा, बघा, घरी चाललीय!" सगळे हसले. ओतिलियाही हसली. इतकी मी त्या दिवशी खुशीत होते. वाटेत कुठे बसायचं, तिला आधी काय विचारायचं, केस विंचरायला फणी घेतली आहे की नाही, हेच सगळं डोक्यात.

कड्याच्या पलीकडे उतरलो तर झाडांवर हिरवी जाळी ताणलेली, खाली वाळूची पोती रचलेली. इथेच. आमचा रिवाज असा की पोर मागताना सगळं सांगायचं, तिचं नाव, आईबापाचं नाव, नाळ कुठे पुरली ते. म्हणजे समोरच्याला कळतं, ही कोणाची तरी आहे. हे काम ओतिलियाचं. पण माझ्या पायांना कुठला दम! मी तिच्या पुढे गेले आणि बेंबीच्या देठापासून हाक मारली.

"यीसेल नोस्क्वे! प्लीनिओ आणि एर्मेलिंदाची मुलगी! हिची नाळ एल गुआबोत आमच्या चुलीपाशी पुरलीय! तुमच्यासाठी ड्रोन उडवते ती पोर आमची आहे! आम्ही तिला न्यायला आलोय!"

पोत्यांमागून शिरस्त्राणं वर आली, बंदुका आल्या. बाहीवर झेंडा शिवलेला. ढोल थांबला.

"बये," ओतिलिया माझ्या कानाशी म्हणाली, "हे तर सैन्य आहे."

मला आधी समजेचना. मी तरी विचारते आहे, "यीसेल कुठाय?" ओतिलियाने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की पुढे कित्येक दिवस तो काळानिळा होता.

त्यांचा सार्जंट पुढे आला. पिकल्या केसांचा, दमलेला माणूस. आवाज चढवला नाही त्याने, ते मला जास्त लागलं. "तर ती तुमची मुलगी," तो म्हणाला. "आणि तो रंगीत पट्टा? तो तुमच्याच अंगणात पसरतात ना? आम्ही कधीपासून डोकं खाजवतोय, हा इशारा कोणाला म्हणून."

"कसला इशारा? तिचा चुंबे आहे तो."

"आणि ताट?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. अंगणावरून येणारा ड्रोन यांचा होता. सगळे दिवस यांचाच होता. मी माझ्या पोरीला म्हणून जे जे दाखवलं, डुकराची पिल्लं, नवऱ्याचा सदरा, माझं हसू, माझं रडू, ते या वाळूच्या पोत्यांमागे बसून कोणीतरी बघत होतं.

सार्जंटने मागे वळून एका जवानाच्या हातातली स्क्रीन घेतली आणि माझ्यासमोर धरली. "हे परवाचं आहे. ही का ती?"

एका तळ्याच्या काठी काळ्या दगडावर एक मुलगी बसलेली, मान खाली घालून. वरून घेतलेलं. चेहरा दिसत नव्हता. फक्त डोकं, आणि मधोमध भांग. वाकडा. कपाळापासून सरळ निघायचा आणि टाळूपाशी डावीकडे वळायचा. शाळेत जाताना ती माझ्यापुढे बसायची आणि मी रोज तो सरळ करायला जायचे, आणि तो रोज वळायचा. तिच्या टाळूला भोवराच तसा आहे. इतक्या महिन्यांनी मला माझ्या पोरीचं डोकं दिसलं. ओतिलिया मागून झगा ओढत होती, ते मला कळत होतं. तरी माझा हात गेलाच काचेवर.

"माझी बाय ती," मी म्हटलं. "माझी यीसेल."

सार्जंटने स्क्रीन मागे घेतली आणि डोळे मिटून उघडले. "बाई, तुम्ही खोटं बोलायला हवं होतं," तो म्हणाला. "तिच्या यंत्राने माझी दोन पोरं जखमी झाली. एकाचा पाय गेला. उडवणारा कोण आणि कुठे, हे मला वर कळवावं लागतं. आता धुकं उतरतंय. धुकं उठलं की विमान येईल."

"तिथे पोरं आहेत!"

"तेही कळवीन. वरचे ऐकतील की नाही, मी नाही सांगू शकत."

मी त्याच्या पायाशी बसले. दारात आडवं पडतात तशी. पण ते दार कोणाचं होतं? त्या गरिबाच्या हातात तरी काय होतं? हुकूम दुसरीकडून यायचा, विमान तिसरीकडून. ओतिलियाने मला काखेत हात घालून उचललं.

"ऊठ," ती दातओठ खात म्हणाली. "रडायला आयुष्य पडलंय. ते तळं ओळखलंस का? दर वर्षी आपण काठ्या पाण्यात बुडवून पावन करायला जातो ते तळं आहे. यांना नाव माहीत नाही, वाट माहीत नाही. आपल्याला धुक्यातही माहीत आहे."

आम्ही लगेच निघालो. जाळीबाहेर पडतो तोच मागून कोणीतरी धावत आलं. ज्याच्या हातातली स्क्रीन घेतली होती तो जवान. काळासावळा, समुद्राकाठच्या बोलीचा, गालावर मुरमं. "आई," तो म्हणाला, "मी विल्मार. तो झुलायचा ना, ते मी करायचो."

"कोणी सांगितलं होतं रे तुला?" मी त्याच्या अंगावर गेले. "मी माझ्या पोरीला बोलावत होते. तू कोण मधे मान डोलावणारा?"

"कोणी नाही सांगितलं." त्याने मान खाली घातली. "माझी आई फोनवर असंच ताट दाखवते. इथे वर फोन बंद असतो, महिने झाले. तुम्ही दाखवलंत तर... मला वाटलं, कोणालाही दाखवतात ही बाई. चांगली बाई आहे. सार्जंटला मी सांगत होतो, हा इशारा नाही, ही आई आहे कोणाची तरी. ते ऐकेनात."

त्याच्या मुस्काटात मारावी की त्याला जवळ घ्यावं, मला कळेना. दोन्ही केलं नाही. तो पाठीवरच्या भांड्याकडे बघत होता. मी म्हटलं, "बघतोस काय, हे तुझं नाही." आणि चालायला लागले. थोडं पुढे गेल्यावर परत फिरले, फडकं सोडलं, त्याच्या ओंजळीत दोन मुठी मका घातला, आणि मग मात्र पळालो आम्ही. या वेळी बासरी नाही, ढोल नाही.

धुक्यात पुढच्याची पाठ दिसत नव्हती. मी आयुष्यात धुक्याला इतकं कधी विनवलं नाही. थांब रे बाबा, उठू नकोस. आमच्या डोंगराला नावं ठेवतात लोक, ऊन नाही, कपडे वाळत नाहीत. त्या दिवशी मला वाटलं, दहा वर्षं न वाळू देत कपडे.

तळ्याशी पोचलो तेव्हा पुढारी म्हणून जो समोर आला त्याला धड मिसरूड फुटलेलं नव्हतं. "कोणी बोलावलं तुम्हाला?" तो म्हणाला.

या खेपेला मी तोंड उघडलं नाही. ओतिलियाने काठी जमिनीवर रोवली आणि नाव घेतलं, आईबापाचं घेतलं, नाळेचं सांगितलं.

"ती स्वतःहून आली," तो म्हणाला. "कोणी ओढून नाही आणली."

"पोरं विहिरीतही स्वतःहून पडतात, बाळा. म्हणून काढायची नाहीत?" ओतिलिया म्हणाली. "आणि ऐक. सैन्याला ही जागा ठाऊक झालीय, ही पोरही ठाऊक झालीय. धुकं उठलं की विमान येणार. तुझ्याकडे जेवढी पोरं आहेत तेवढी आम्हाला दे आणि तू तुझ्या वाटेने जा."

त्याने आभाळाकडे बघितलं. आभाळ नव्हतंच, नुसतं पांढरं. मग शिट्टी घातली, तशी सगळीकडून झोपड्या मोडल्याचे आवाज यायला लागले. "ड्रोनवालीला घेऊन जा," तो म्हणाला. "सैन्य आता तिला ओळखतं, आम्हाला काय उपयोग? यंत्र राहील, फोन राहील. बाकी कोणी येणार नाही. आणि परत खोऱ्यात दिसली तर ती आमची, मग काठ्या घेऊन येऊ नका."

बाकीची पोरं धुक्यात पळत होती. आम्हाला जेवढी नावं ठाऊक होती तेवढी आम्ही घेत राहिलो. कोणी थांबलं नाही. ती नावं घेतानाचे आमचे आवाज अजून माझ्या कानात आहेत.

आणि यीसेल समोर उभी होती. वाळली होती. नखांवर लाल रंगाचे टवके. मला वाटलं होतं मी तिला मिठी मारीन, नाही, आधी एक थोबाडीत मारीन. माझ्याने काही झालं नाही. मी म्हटलं, "चल, मोते थंड झालीय."

उतरताना वाट अरुंद होती. ती पुढे, मी मागे, तिच्यापेक्षा वर. तिचा वाकडा भांग माझ्या डोळ्यांपुढे हलत होता. ती चालता चालता भांड्यातूनच बोटांनी खात होती. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "त्या सैन्यातल्या पोरांवर... तू टाकलंस?"

ती खायची थांबली. "मी उडवायचे," ती म्हणाली. मग आपल्या अंगठ्याकडे बघितलं. मी खोदलं नाही. आई होऊन एवढं मी घाबरले.

पण दुसरं विचारल्याशिवाय मला राहवेना. झुलणारा विल्मार होता, कळलं होतं मला. तरी मन वेडं असतं. "यीसेल, आपल्या घरावरून जायचीस ना गं कधी? एकदा तरी? मी रोज अंगणात यायचे."

"नाही, आई."

"एकदाही नाही?"

"नाही. ते म्हणायचे, एल गुआबोकडे फिरव, तिथून सैन्य जातं. मी म्हणायचे वारा आहे, म्हणायचे बॅटरी पुरणार नाही. त्या यंत्रात वाट राहते, आई. एकदा तिकडे नेलं असतं तर त्याला वाट कळली असती. मग माझ्या हातातून काढून कोणीही त्याच वाटेने नेलं असतं. खाली काहीही बांधून."

मी चालत होते की थांबले होते, आठवत नाही.

"तुला मला बघावंसं वाटलं नाही?"

"रोज वाटायचं," ती म्हणाली. मागे न वळता म्हणाली. खांदे तेवढे हलत होते.

आणि मी त्या आभाळाला किती शिव्या घातल्या होत्या! आज का आली नाहीस, काल का आली नाहीस. ती येत नव्हती तेच तिचं माझ्याकडे येणं होतं, आणि मी ताटं दाखवत बसले होते परक्याला.

खाली रस्त्यावर राखणीची जीप उभी होती. मी म्हटलं, आधी घरी, नुसतं एक रात्र, बापाला बघू दे. ओतिलियाने मान हलवली. घराचं नाव सैन्याकडे होतं. मीच दिलं होतं, बेंबीच्या देठापासून. आणि डोंगरातले तर शेजारीच. लांब कुठेतरी आपली माणसं आहेत, ती तिला ठेवून घेणार होती, वेगळ्या नावाने. फोन द्यायचा नाही, घ्यायचा नाही. फोनचा माग काढतात.

फणी माझ्याजवळ होती. जीप सुरू होईपर्यंत मी तिचे केस विंचरले, चाकाला टेकून, घाईघाईत. भांग सरळ करायला नाही गेले. राहू दे म्हटलं.

ती चढली तेव्हा ओतिलिया माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "कुठे नेतोय ते तुझ्या कानात सांगते. आईला तेवढा हक्क आहे."

तिचे ओठ माझ्या कानाशी आले होते. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. "नको," मी म्हटलं. "माझं तोंड बघितलंस ना आज? उद्या कोणी तिचा फोटो समोर धरला तर मी पुन्हा बोलेन. मला ओळखतेस तू. नको सांगूस. कधीच नको सांगूस."

दुसऱ्या दिवशी दुपारी धुकं उठलं आणि तळ्याच्या बाजूने डोंगर दणाणला. प्लीनिओने खिडकी लावून घेतली. किती पोरं अजून तिथे होती, कोणी सांगत नाही.

या गोष्टीला आता कॉफीचा एक हंगाम होऊन गेला. ओतिलिया महिन्या-दोन महिन्यांनी कुठेशी जाऊन येते. चिखलाचे बूट दारात काढते, चुलीपाशी बसते, मी तिला गरम गुळाचं पाणी देते. ती कोंबड्यांबद्दल बोलते, रस्त्याबद्दल, नव्या मास्तरणीबद्दल. मी विचारत नाही, ती सांगत नाही. मी नुसती तिच्या डोळ्यांकडे बघत बसते. त्या डोळ्यांनी बघितलंय तिला. परवाच बघितलंय, कदाचित कालच.

"अशी काय बघतेस गं?" ती म्हणते.

"काही नाही," मी म्हणते आणि तिचा पेला पुन्हा भरते, म्हणजे ती आणखी थोडा वेळ बसेल.